दोन बोटं उंच

टोकरखाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक लोखंडी घोडा उभा आहे. त्याला चाकं नाहीत, इंजिन नाही आणि पेट्रोलच्या टाकीच्या जागी तेलाचा रिकामा डबा पट्टीने आवळलेला आहे. पाइपाला पाइप जोडून केलेला सांगाडा, वर सीट, पुढे हँडल, खाली पाय ठेवायला दोन दांडे. नवीन भाडेकरू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की खाली येऊन विचारतात, हे काय आहे? कोणाला ते व्यायामाचं यंत्र वाटतं, कोणाला मुलांचं खेळणं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा ते भंगारात द्यायचं काढलं आणि दोन्ही वेळा मी भांडले. एरवी मी भांडखोर नाही, निदान माझं स्वतःबद्दल तसं मत आहे.

तो निंबाभाऊंचा घोडा. निंबाभाऊ म्हणजे आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मी मूळची गुहागरकडची. मराठी शाळेत नोकरी लागली म्हणून सिल्वासाला आले आणि दोन-चार वर्षं काढू म्हणता म्हणता एकोणीस वर्षं झाली. निंबाभाऊ धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. जवळच्या सायली गावातल्या एका सुताच्या कंपनीत ते मेंटेनन्सला फिटर होते. उंची पाच फूट दोन इंच, आणि हे ते स्वतःच सांगायचे, दुसऱ्याने सांगायच्या आत.

कुठलीही डुगडुगती वस्तू त्यांना बघवत नसे. आमच्या घरी चहाला आले की आधी टेबल हलवून बघायचे, मग खाली वाकून कुठल्या तरी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचे आणि मगच कप हातात घ्यायचे. खिशात टेप कायम असे, पण माप आधी बोटांनी घ्यायचे आणि मग टेपने. टेपने बोटांना खोटं पाडलंय असं मी कधी पाहिलं नाही. आमचं दार वरून घासायला लागलं तेव्हा त्यांनी नुसता अंगठा फिरवून सांगितलं, "बाई, चौकट दीड बोट बसली." गवंडी आला, त्याने तासभर खटपट केली आणि तेच सांगितलं. इमारतीतून बाहेर पडताना ते खाली लावलेल्या प्रत्येक मोटारसायकलच्या सीटवर थाप मारत जायचे. गोठ्यातून जाताना माणूस बैलांच्या पाठीवर मारतो तशी. बसायचे मात्र कुठल्याच नाही. लोकांच्या गाडीवर आणि लोकांच्या ताटावर बसू नये, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. गाडी ज्याची त्यानेच चालवावी. मागे बस म्हटलं तरी ते चालत निघायचे.

त्यांना हवी होती एक गाडी. साधी नव्हे. डांबरावरही पळेल आणि दगडा-चिखलातूनही निघेल अशी, उंच, जाड खाचांच्या टायरची. फार मोठी नको, फार लहानही नको, मधली. तिचं वर्णन त्यांनी एका वाक्यात करून ठेवलेलं: "हायवेला लाजली नाही पाहिजे, चिखलाले भ्याली नाही पाहिजे." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा वर्गात वचनं शिकवताना फळ्यावर लिहून बसले.

एका फिटरला असल्या गाडीचं वेड कुठून लागावं? त्याचं कारण त्यांच्या घरातच होतं. सुमनवहिनींचं माहेर पिंपळनेरच्या अलीकडच्या डोंगरात. इथून जायचं तर धरमपूर, वांसदा, वाघई करत डांगाचे डोंगर चढायचे. तिथवर रस्ता बरा. शेवटचे सात-आठ कोस मात्र दगड, ओढे आणि चढण. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना ही वाट दोघांनी पायी तुडवली. वहिनींच्या पायाला फोड आले आणि वर पोचल्यावर निंबाभाऊ सगळ्यांदेखत बोलून गेले की पुढच्या खेपेला मी हिला माझ्या गाडीवर बसवून आणीन. नवा जावई बोलून गेला, सासू हसली, प्रकरण संपायला हवं होतं. पण निंबाभाऊंचं कुठलंच प्रकरण असं संपत नसे.

एरवी जायचं तर रेल्वे, मग एसटी, मग जीप. वहिनींना जीप सोसत नव्हती. एकदा उलट्या करून करून त्या इतक्या गळाल्या की पिंपळनेरला दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. त्यानंतर त्यांचं जाणं कमी कमी होत गेलं. पुढे त्यांच्या आईला काचबिंदू झाला. एका दुपारी जिन्यात मेथी निवडत बसल्या असताना वहिनी मला म्हणाल्या, मायची नजर रोज थोडी थोडी जातेय, ती पुरती जायच्या आत तिला माझं तोंड दिसायला हवं, एवढंच आहे. मी म्हटलं, मग जा की कशीही. त्या म्हणाल्या, हे म्हणतात पुढच्या वर्षी गाडीनेच जाऊ. मेथीच्या काड्या पदरात घेऊन त्या वर गेल्या आणि मला त्या दिवशी निंबाभाऊंचा राग आला.

राग यायला कारणही तसंच होतं. गाडी घ्यायची तर घेऊन टाकावी. पण हा माणूस दर रविवारी खानवेल रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. तिथून मुंबई, सुरत, नाशिकचे गाडीवाले दुधनीच्या पाण्याकडे जायचे. त्यातला कोणी चहाला थांबला की निंबाभाऊ अदबीने जवळ जायचे आणि विचारायचे, साहेब, ह्या गाडीकडून तुम्हाला नक्की काय पाहिजे? उत्तर वहीत उतरवायचे. शंभर पानी वही, माझ्याच शाळेतली, मीच दिलेली. एका पानावर एक माणूस.

ती वही वाचताना हसू यायचं आणि थोडं गलबलूनही यायचं. वापीचा एक भरदार व्यापारी. त्याला आधी वेग हवा होता, मग दिमाख. तिसऱ्या भज्याला त्याने कबूल केलं की पावसात तो खानवेलपुढे चिखलात पडला, गाडी एकट्याला उचलेना आणि मदत येईपर्यंत तो तासभर तिच्याशेजारी बसून राहिला. आता त्याला फक्त उचलता येईल अशी गाडी हवी होती. रसायनाच्या कंपनीतल्या एका पोराला ओरखडा उठला तरी काळजात धस्स होणार नाही अशी गाडी हवी होती. एकाला टाकी मोठी हवी, एकाला तालुक्याच्या गावी मिळेल असा सुटा भाग, एकाला मोठ्या ट्रकने मागून हॉर्न दिला तर पुढे काढण्याइतकी ताकद. सुरतचे एक डॉक्टर बराच वेळ गाडीबद्दलच बोलत होते आणि उठता उठता म्हणाले, "मारे तो शांति जोइए, भाई." भाऊंनी त्या पानावर तेवढंच लिहून ठेवलं, शांती पाहिजे.

मला म्हणायचे, "बाई, गाडी कोणालेच नको राहत. दोन तास विचारा, मग कळतं काय पाहिजे ते."

आणि मग तो घोडा. कंपनीतून रीतसर भंगाराची पावती करून त्यांनी पाइप आणले आणि गच्चीवर सांगाडा उभा केला. सगळीकडे भोकं आणि बोल्ट. सीट वर-खाली होई, हँडल पुढे-मागे, पाय ठेवायचे दांडे हवे तसे. खरी गाडी घेण्याआधी अंगाला काय मानवतं ते कळावं म्हणून. संध्याकाळी शिफ्ट संपली की ते वर जाऊन घोड्यावर बसायचे, तोंड खानवेलच्या डोंगरांकडे. इमारतीतल्या बायकांनी त्यावर लगेच हक्क सांगितला. हँडलवर ओढण्या, सीटवर पापडाचं ताट. निंबाभाऊ आले की ताट उचलून बाजूला ठेवायचे, बसायचे आणि जाताना परत होतं तसं ठेवायचे. कधी एक पापड कमी झाला नाही.

एकदा त्यांनी मलाही बसवलं. साडीचा ओचा सावरत मी आडवी बसले तर म्हणाले, असं नाही बाई, गाडीवाल्यासारख्या बसा. मी बसले. गच्चीवरून डोंगर रोज दिसतात, पण त्या दिवशी ते जरा जवळ आल्यासारखे वाटले. वही उघडून भाऊंनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? शाळा, घर, ह्यांचा डबा, महिन्याची सामानाची यादी, ह्याच्यापलीकडे काय पाहिजे असं मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, पुढे कधीतरी सांगते. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून वही मिटली.

गाडी मात्र येईना. घोडं पेंड खात होतं ते उंचीवर. लोखंडी घोड्यावर बसून, खालीवर करून त्यांनी स्वतःच्या पायाचं माप कायम केलेलं. एवढ्या उंचीपर्यंत दोन्ही पाय टेकतात, त्याच्यावर नाही. मग प्रत्येक नव्या गाडीचं माहितीपत्रक आणायचं, सीटची उंची बघायची, मापाशी ताडायची. दर वेळी गाडी दोन बोटं उंच निघायची. वापीला, सुरतला शोरूममध्ये जायचे, टेप लावायचे आणि परत यायचे. विक्रेता बसा म्हणायचा, पण घ्यायची ठरली नसताना बसणं म्हणजे दुकानातली साडी नेसून बघणं, असं त्यांचं मत. मागे बायको बसणार, वाट दगडाची, पाय टेकला नाही तर तिला घेऊन पडू, ही त्यांची धास्ती. "दोन बोटं, बाई," असं सांगताना ते बोटं अशी वर धरायचे की वाटावं, सगळं जग त्या दोन बोटांपाशी अडलंय. सहा वर्षं गेली ह्यात. आमच्या ह्यांनी त्यांना दोन बोटं भाऊ असं नावच ठेवलं. मी हसायचे, आणि मग पलीकडून वहिनींचा फोनवरचा आवाज यायचा, माय, कशी शेस, आणि हसू बंद व्हायचं.

मग एका रविवारी टपरीपाशी नाशिकची एक बाई गाडी ढकलत आली. चाळिशीची, उंचीने माझ्याएवढी, म्हणजे भाऊंच्याही खालीच. गाडी मधली, उंच, जाड टायरची. चेन उतरलेली. निंबाभाऊंनी चेन बसवून दिली, ताण बघितला आणि न राहवून विचारलं, मॅडम, ही तुम्हाला पुरते कशी? ती म्हणाली, बसून बघा. भाऊ म्हणाले, मला नाही पुरायची, दोन बोटं उंच आहे. तिने विचारलं, कधी बसलात? भाऊ म्हणाले, मापलीय.

ती हसली नाही, हे भाऊ आवर्जून सांगायचे. तिने गाडी सरळ धरली आणि पुन्हा म्हणाली, बसा. बाईमाणसाचा मान मोडवेना म्हणून ते बसले. बसल्याबरोबर गाडी त्यांच्या वजनाने खाली दबली आणि दोन्ही पाय जमिनीला लागले. चवडे टेकले, टाचाही जवळजवळ टेकल्या.

"लोखंडाला शॉकअप नसतो, भाऊ," ती म्हणाली, "गाडीला असतो. माणूस बसला की ती जागा करून देते."

हे मला त्यांनी त्याच संध्याकाळी गच्चीवर सांगितलं. तीस वर्षं स्प्रिंगा बदलणारा माणूस. कंपनीतल्या प्रत्येक मशीनची स्प्रिंग किती दबते ते ह्याला तोंडपाठ, आणि स्वतःच्या गाडीचं माप घेतलं ते न दबणाऱ्या लोखंडावर. घोड्याच्या सीटवर हात ठेवून ते उभे होते. मग म्हणाले, बसलोच नाही ना कधी. मला त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, सहा वर्षांचं साठलेलं, पण त्यांचा चेहरा बघून मी पापडाचं ताट उचललं आणि खाली आले.

ती बाई गाडी विकणार होती. तिला मोठी घ्यायची होती. चार महिन्यांनी तीच गाडी आमच्या इमारतीखाली उभी राहिली. सगळे जमले. निंबाभाऊ बसले, पाय टेकवून दाखवले, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. वहिनींनी नवी साडी नेसली होती. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि भाऊ म्हणाले, चल, बस, एक चक्कर मारू दादऱ्याच्या तळ्यापर्यंत.

वहिनींनी एक हात भाऊंच्या खांद्यावर ठेवला आणि पाय उचलला. तो गुडघ्यापर्यंत गेला आणि थांबला. दुसऱ्यांदा उचलला. मी खालून आधार द्यायला गेले, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. जिने चढताना त्या कठड्याला धरून एकेक पायरी घ्यायच्या, हे आम्ही सगळे दोन-तीन वर्षं बघत होतो. मागची सीट त्यांच्या कमरेइतकी उंच होती. त्यांनी पाय खाली ठेवला आणि अगदी हळू, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हणाल्या,

"तुमना पाय टेकनात. मन्हा गुडघाले कोनी इचारं?"

अहिराणी मला निम्मीच येते, पण हे पुरतं कळलं. टाळ्या वाजवणारे पांगले. निंबाभाऊ गाडीवर तसेच बसून होते, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले.

शंभर पानी वहीत सगळे होते. व्यापारी, डॉक्टर, रसायनवाला पोरगा. जिच्यासाठी गाडी, तिचं पान नव्हतं. घोड्यालाही मागची सीट नव्हती. सहा वर्षांत ती करायचं त्यांच्या मनातच आलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. मी रोज तिथे ओढणी वाळत घालत होते.

आठवडाभर गाडी झाकलेली राहिली. मग एका सुट्टीच्या दिवशी गच्चीवरून ग्राइंडरचा आवाज यायला लागला. वर गेले तर भाऊ घोड्याला मागची सीट जोडत होते आणि वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होत्या. अजून खाली. अजून. आता पाय ठेवायला पायरी. नाही, इकडे, डावा गुडघा दुखतो, उजव्याने चढीन. भाऊ खडूने खूण करत होते. शेवटी वहिनी चढल्या आणि बसल्या. पुढे निंबाभाऊ बसले. न हलणाऱ्या घोड्यावर दोघं डोंगरांकडे तोंड करून बराच वेळ बसून होते. मी दारातूनच परतले.

त्या रात्री वहीत सुमनवहिनींचं पान झालं. चढायला पायरी. धरायला कडी, तुमचा शर्ट नको. सीट अशी की तुमच्या पाठीऐवजी पुढचं दिसेल. आणि शेवटी, भाऊंच्या ठळक अक्षरात: थांब म्हटलं की थांबायचं, कशाला ते विचारायचं नाही. ह्या मापाने त्यांनी गाडीचं मागचं अंग बदलून घेतलं आणि दिवाळी झाल्यावर दोघं माहेरी निघाली. पंधरा दिवसांची रजा काढून.

ती परत आली नाहीत. वर पोचल्यावर आईला सोडून येणं वहिनींना जमेना, भाऊंनीही मग नोकरी सोडली. सामान एका टेम्पोतून भाच्याने नेलं. पहिला फोन भाऊंचाच आला होता. मी विचारलं, आईंनी ओळखलं का? ते म्हणाले, हातावरून ओळखलं, तोंडावरून नाही. नजर मागच्या उन्हाळ्यातच गेली, फोनवर तिने कळू दिलं नाही. सुमन म्हणते, असू द्या, मायने गाडीवर हात फिरवला, सीटवर, कडीवर, पायरीवर, सगळ्यावर.

"दोन बोटांपायी सहा वर्षं घालवली मी, बाई."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण ते खोटं होतं हे आठवतं.

वही त्यांनी जाताना माझ्याकडे ठेवली होती. मधे एक पान आहे: "बाई. पुढे सांगते म्हणाल्या." खाली सगळी जागा मोकळी. सांगायचं तर आता सांगता येईल. मला गाडी नको. मला गच्चीवरून येणारा ग्राइंडरचा आवाज हवा आहे, टेबलाखाली पुठ्ठा सारणारा माणूस हवा आहे, मेथी निवडत बसलेल्या वहिनी हव्या आहेत, आणि तुम्हाला काय पाहिजे असं कोणी विचारून, उत्तर येईपर्यंत थांबलेलं हवं आहे. पण ते पान मी भरलेलं नाही. भरलं की वही पुरी होईल असं वाटतं. संध्याकाळी गच्चीवर गेले की घोड्यावर बसते, गाडीवाल्यासारखी. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय.

त्यांना शेवटचं पाहिलं ते निघाले त्या सकाळी. मी गच्चीच्या कठड्याशी उभी होते. वहिनी पायरीवर उजवा पाय ठेवून चढल्या, कडी धरली आणि गाडी निघाली. इमारतीच्या फाटकाबाहेर पडून जेमतेम पन्नास पावलं गेली असेल, तोच वहिनींनी भाऊंच्या खांद्यावर थाप मारली. गाडी जागच्या जागी थांबली. भाऊंनी दोन्ही पाय टेकले, मागे वळून बघितलं नाही, काही विचारलं नाही. वहिनी बसल्या जागेवरून आमच्या इमारतीकडे वळल्या, त्यांची नजर मजला मजला करत वर आली, त्यांना मी दिसले, आणि त्यांनी हात केला. मीही केला. बराच वेळ आम्ही तशाच बघत राहिलो आणि गाडी तेवढा वेळ थांबून होती. मग त्यांनी पुन्हा थाप मारली.